ज्वारीचा कॅमेरा

सरोजिनी खांबेटे यांच्याकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, बाई भांडायच्याच तयारीत बसल्या आहेत. तसं काही नसतं, त्यांचा चेहराच तसा आहे. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत त्या लेन्स साफ करतात, किरकोळ दुरुस्त्या करतात, चार-सहा कॅमेरे भाड्याने देतात. मागच्या खोलीत राहतात. इमारतीला लिफ्ट नाही आणि बाईंना त्याचं दुःखही नाही. येणारा कितव्या पायरीवर थांबतो, कठडा धरतो की नाही, हे त्यांना टेबलापाशी बसल्याबसल्या ऐकू येतं. दार उघडायच्या आधीच गिऱ्हाइकाबद्दलचं त्यांचं निम्मं मत बनलेलं असतं.

वय बासष्ट. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" म्हणतात, आणि त्यात फार खोटं नाही. एका आर्किटेक्टच्या कचेरीत त्यांनी सत्तावीस वर्षं इमारतींचे फोटो काढले. बांधकाम चालू असताना, रंग लागल्यावर, आणि मग मालकाने बाल्कनीला पत्रे ठोकून सगळ्याची माती केल्यावर. इमारत कशी काढावी हे पुण्यात त्यांच्याइतकं थोड्यांना कळत असेल. पण हे त्या स्वतः कधी म्हणणार नाहीत, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याला ग्लासभर पाणीही विचारणार नाहीत.

परदेशी शिकायला निघालेली मुलं त्यांच्याकडे बरीच येतात. कुठला कॅमेरा नेऊ, असं विचारतात. या प्रश्नाला बाई कधीच उत्तर देत नाहीत. त्या उठतात आणि कपाटातून ज्वारीच्या पुरचुंड्या काढतात. जुन्या पडद्याच्या कापडाच्या, तोंड शिवून टाकलेल्या या पुरचुंड्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर शाईने लिहिलेलं: मोठा कॅमेरा ७४०. लांब लेन्स १४००. रुंद लेन्स ६८०. ट्रायपॉड २२००. वस्तूचं जेवढं वजन, तेवढ्या ग्रॅमची ज्वारी आत. ज्याला जे न्यायचं असेल त्याने त्याच्या पुरचुंड्या पाठीवरच्या पिशवीत भरायच्या आणि दोन दिवस ती पिशवी घेऊन नेहमीचं आयुष्य जगायचं. बस, कॉलेज, मंडई, जिने, सगळं. तिसऱ्या दिवशी परत येऊन आपलं आपणच सांगायचं, काय न्यायचं ते. आधी त्यांनी वाळू भरून पाहिली होती, ती एका मुलाच्या मावशीच्या सोफ्यावर सांडली. दगडगोट्यांचा खडखडाट व्हायचा. ज्वारी मात्र गुपचूप बसते. वर्षाला एकदा बदलली आणि कडुलिंबाचा पाला टाकला की झालं.

आणखी एक नियम: पालकांशी बोलायचं नाही. एकदा एका डॉक्टर गृहस्थांना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की तुमच्या मुलाला एवढं सामान लागणार नाही. त्यावर डॉक्टरांनी "म्हणजे तुमच्याकडचं काही खपवायचं असेल," असं ऐकवलं. तेव्हापासून बाईंनी ते खातंच बंद करून टाकलं.

एप्रिलच्या मध्यावर एके दुपारी शेफाली साखरे जिना चढून आली. तिसऱ्या पायरीपासून कठडा धरून, आणि मधल्या वळणावर बराच वेळ थांबून. बाईंनी ऐकलं होतंच. मुलगी हिंजवडीची, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. पाठीवर एवढी मोठी काळी बॅग की दारातून तिला तिरकं व्हावं लागलं.

"मॅम, लेन्स फिरवली की कुरकुरते," ती म्हणाली.

बाईंनी लेन्स हातात घेतली. नवी कोरी, भली जाड. झूमची कडी फिरवली तर खरंच कुरकुर. भिंगाखालच्या खाचेत लाल पूड बसली होती. बाईंनी चष्मा बदलला, चिमटा घेतला आणि खाचेतून तांदळाचा एक दाणा काढून टेबलावर ठेवला.

"पूजा केलीत."

"आजीने केली. ट्रॅक्टरची करतात तशी," शेफाली ओशाळून म्हणाली. "हळद, कुंकू, अक्षता सगळं."

"ट्रॅक्टर नंतर धुता येतो," बाई म्हणाल्या आणि ब्रश घेऊन कामाला लागल्या.

काम चालू असताना हळूहळू सगळं बाहेर आलं. मेमध्ये शेफाली पाच आठवड्यांसाठी पोर्तुगालला चालली होती. पोर्तो नावाचं गाव, नदीकाठच्या उतारावर वसलेलं. रस्ते कमी आणि पायऱ्याच जास्त. तिथली बत्तीस जुनी घरं तिला अभ्यासायची होती. घराचा दर्शनी भाग, आतला जिना, जिन्यावरून खाली येणारा उजेड, प्रत्येकाचे फोटो. पुढचं अख्खं वर्ष तिचा प्रकल्प या फोटोंवर उभा राहणार होता. कॉलेजातून तिची एकटीची निवड झाली होती. पुन्हा जायला मिळेल असं काही नव्हतं, त्यामुळे जे काढून आणेल तेवढंच तिच्या हातात राहणार होतं.

"आणि हे कोणी निवडलं?" बाईंनी बॅगेकडे बोट केलं.

"पप्पांनी. दुकानात गेले आणि म्हणाले, सगळ्यात भारी असेल ते द्या."

"त्यांना फोटो काढता येतात?"

"नाही. पण त्यांनी हातात घेऊन बघितलं. म्हणाले, वस्तू कशी भरीव पाहिजे."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ब्रशकडे बघून गिळलं. मग कपाटातून एक छोटा कॅमेरा काढून मुलीच्या हातात दिला. डब्याएवढा. त्यावर मुठीत मावेल अशी रुंद कोनाची लेन्स. "इमारत काढताना कॅमेरा वर उचलून तिरका धरलास की इमारत मागे पडल्यासारखी दिसते," त्या म्हणाल्या. "भिंती सरळ हव्या असतील तर कॅमेरा सरळ धरायचा. म्हणजे तुला इमारतीच्या अर्ध्या उंचीवर जावं लागणार. समोरच्या घराचा जिना चढायचा, अनोळखी माणसाची खिडकी मागायची, गच्ची मागायची. दिवसाला सहा-सात घरं. लांब लेन्स तुला कशाला? समोरचं घर बारा हातांवर असणार. फ्लॅश कशाला? उजेड बघायला चाललीयेस ना? रुंद लेन्स एक. आतल्या अंधाऱ्या जिन्यासाठी ही बारकी, उजेड जास्त घेणारी एक. दोन जादा बॅटऱ्या. वीतभर ट्रायपॉड, कठड्यावर टेकवायला. रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे. संपलं."

एरवी बाई इतकं बोलत नाहीत. त्या दिवशी का बोलल्या हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

शेफालीने तो छोटा कॅमेरा डोळ्याला लावला, एका हाताने. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना बघत राहिली. मग खाली ठेवला.

"मला हाच पाहिजे. पण पप्पांना काय सांगू? आमच्या घरातून विमानात बसणारी मी पहिली. गावात सगळ्यांना बोलावून त्यांनी तो कॅमेरा दाखवलाय. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?"

"मी पालकांशी बोलत नाही," बाई म्हणाल्या, आणि पुरचुंड्यांचा मोठा संच टेबलावर मांडला. सात किलो. शेजारी लहान संच, सव्वा किलो. "दोन दिवस हा, मग दोन दिवस तो. त्यानंतर तुझं तू सांग."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शेफाली रडत होती की हसत होती, कळेना.

"मॅम, सॉरी, खूप सॉरी. आजीने लेन्स दळली."

"काय केली?"

"लांब लेन्स. आणि ट्रायपॉड. मी बॅग सोफ्यावर ठेवली होती. आजी म्हणाली, इतकं चांगलं जोंधळं कोणी असं कोंडून ठेवतं का. तिने शिवण उसवली, पाला काढला आणि गिरणीत नेलं. रात्री आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. मला नंतर कळलं."

बाई खुर्चीत बसून इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. सतरा-अठरा वर्षांत त्या पुरचुंड्या हरवल्या होत्या, भिजल्या होत्या, एक तर उंदरानेही फोडली होती. पण कोणी गिळली नव्हती.

"पप्पा स्वतः येतायत भरून द्यायला," शेफाली म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "मॅम, एक सांगू? पप्पांना सांगू नका. परवा आमची साइट व्हिजिट होती. जुनी शाळा, तीन मजले. मी बॅग खाली वॉचमनकडे ठेवली. आणि खालीच थांबले. वर गेलेच नाही. सगळे गेले. नुसती ज्वारी होती हो आत, तरी नाही गेले."

बाईंचं हसू तिथेच थांबलं. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातल्या फडक्याची उगीच घडी करत राहिल्या.

कारण हे त्यांनी स्वतः केलं होतं. तीसएक वर्षांपूर्वी कचेरीने त्यांना इटलीला पाठवलं होतं, अकरा दिवस, एका सहलीच्या बसबरोबर, साहेबांच्या पुस्तकासाठी जुन्या इमारती काढायला. मोठा लाकडी खोक्यासारखा कॅमेरा, त्याच्या फिल्मच्या पाट्या, तिवई, मिळून चौदा किलो. बाईमाणसाला हे सामान झेपणार नाही असं कचेरीतले दोघं म्हणाले होते, म्हणून सरोजिनीने हट्टाने तेच नेलं. तिसऱ्या दिवशी उजवा खांदा असा धरला की हात वर जाईना. मग उरलेले आठ दिवस ते सामान बसच्या ड्रायव्हरपाशी राहिलं. बरोबरच्या एका बाईंचा साधा कॅमेरा मागून घेऊन सरोजिनीने फोटो काढले, बस जिथे थांबेल तिथून, खालून, मान वर करून. परत आल्यावर साहेबांना सांगितलं, हवा खराब होती. पुस्तक निघालं नाही. खांदा आजही बोटभर खाली आहे आणि हवा खराब होती हेच सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी चारला जिन्यावर पावलं वाजली. सरळ, एका लयीत, कुठेही न थांबता. बाईंनी दार उघडलं तर पांढऱ्या सदऱ्यातला पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा माणूस, खांद्यावर ज्वारीचं अर्धं पोतं, आणि त्याला साधा दमही लागलेला नाही. मागे ती काळी बॅग घेऊन शेफाली, लालबुंद.

"मी संभाजी साखरे, हिचा वडील," ते म्हणाले आणि पोतं कोपऱ्यात अलगद टेकवलं. "आईनं तुमचं सामान खाल्लं आमच्या. ही मालदांडी हाय, घरची. सांभाळून घ्या. आन आईनं भाकरी आन ठेचा दिलाय. म्हनली, बाईस्नी म्हनावं, लेन्स गोड होती."

बाईंनी फडकं सोडून भाकरीचा तुकडा तोडला. उत्तम होती. हे त्यांनी बोलूनही दाखवलं, शेफालीला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण पेठेतल्या कोणालाही आश्चर्य वाटलं असतं.

संभाजीराव खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी मोठी बॅग उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली. "आता बाई, तुमी जाणत्या. ह्यात काय कमी हाय का? अजून काय घ्यायचं आसंल तर सांगा, आजच घेतो. पोरीला तिकडं कुनापुढं हात पसराया लागाय नको."

शेफाली बाईंकडे बघत होती. बाईंना तिचा राग आला आणि तिची कीवही आली. नियम मोडायचा नव्हता. पण समोरचा माणूस डॉक्टरसारखा नव्हता. तो विचारत होता आणि उत्तर ऐकायला थांबला होता.

"कमी काही नाही," त्या म्हणाल्या. "जास्त आहे. हिला हे घेऊन पायऱ्या चढता येणार नाहीत."

संभाजीराव हसले. "वजनाचं मला नका सांगू बाई. माझं अर्धं आयुष्य मार्केट यार्डात गेलं. टेम्पोतनं पोती उतरून गाळ्यात न्यायची, मी आन आमचा थोरला दादा. पन्नास-पन्नास किलो. वीस वर्सं. ही माझी पोरगी हाय, सात किलोनं काय हुतंय तिला?"

"टेम्पोपासून गाळा किती लांब होता?"

"आसंल साठ-सत्तर पावलं."

"आणि मग पोतं खाली टाकायचात."

"टाकनारच की. डोक्यावर घिऊन बसनार व्हय?"

"हिला दिवसभर टाकता येणार नाही. पण ते सोडा." बाई पुढे झुकल्या. "त्या गाळ्यांचं वरचं छप्पर कसं होतं, सांगा. उजेड कुठून यायचा?"

संभाजीरावांनी आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "पत्रा आसंल," ते म्हणाले.

"असेल नको. पाहिलंय का?"

खाली रस्त्यावर स्कूटर सुरू होत नव्हती, कोणीतरी तिला किका मारत होतं.

"न्हाई," संभाजीराव सावकाश म्हणाले. "पोतं पाठीवर आसलं की मान खालीच. पायाखालची फरशी दिसायची. आन पुढं दादा आसायचा, त्याच्या टाचा. भेगाळलेल्या. वीस वर्सं गेलो बाई तितं. डोळं मिटलं तर त्या टाचा दिसत्यात. वर काय हुतं, ते कवा बघितलंच न्हाई."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. आपण या माणसाला फार आत कुठेतरी बोट लावलं असं बाईंना वाटलं आणि त्या वरमल्या. माफी मागावी की काय अशा विचारात त्या असतानाच संभाजीरावांनी विचारलं, "तुमी गेलावता का तिकडं? फोटो काढाया?"

"गेले होते."

"मग? काय काय बघितलं?"

हवा खराब होती, हे वाक्य तयारच होतं. इतक्या वर्षांत ते इतक्या वेळा बोलून झालं होतं की विचार न करता येत असे. बाईंनी शेफालीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बॅगेची चेन चाळवत होती.

"दारं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "अकरा दिवसांतले आठ दिवस मी नुसती दारं पाहिली. चौदा किलो नेलं होतं, हट्टाने. खांदा गेला. सामान बसच्या ड्रायव्हरकडे टाकलं आणि खाली उभी राहून फोटो काढले. एकूण एक इमारत मागे कललेली. वर काय होतं ते परत आल्यावर पुस्तकात बघितलं. आणि कचेरीत थाप मारली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं तेवढं लाजिरवाणं वाटलं नाही.

"पप्पा," शेफाली म्हणाली. "मी पण परवा बॅग वॉचमनकडे ठेवली. वर गेले नाही."

संभाजीरावांनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंच्या खांद्याकडे. ते रागावतील असं दोघींनाही वाटलं. ते उठले. टेबलावरची लांब लेन्स त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि बाजूला ठेवली. मग फ्लॅश. मग ट्रायपॉड. मग तो मोठा कॅमेराही, जो त्यांनी सगळ्या गावाला दाखवला होता. टेबल रिकामं झालं तसं बाईंनी लहान पुरचुंड्यांचा संच पुढे सरकवला, आणि संभाजीरावांनी तो तळहातावर घेऊन वर-खाली केला.

"येवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो संच शेफालीच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"येवढंच घिऊन जा," ते म्हणाले. "आन एक बी घर खालनं काढून आनू नको. खालनं बाईंनी काढल्यात. तू वर जा."